जुन्या छोट्या गाडीचे चारही ब्रेक घरच्या घरी: अनुभव, शंका, चर्चा

पंचवटीकर

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे २००८ ची अल्टो आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. पावसाळ्याच्या आधी तिचं ब्रेकचं सगळं काम सोसायटीच्या पार्किंगमध्येच उरकलं. दुसऱ्या धाग्यावर दोघा-तिघांनी त्याबद्दल विचारलं होतं, तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी मुद्द्याचं बोलतो. गॅरेजमध्ये 'ब्रेकचं काम' सांगितलं की बहुतेक वेळा पुढचे पॅड (डिस्कला दाबून धरणाऱ्या घासपट्ट्या) बदलून मिळतात. मागचे ड्रम उघडायला वेळ लागतो, म्हणून ते तसेच राहतात. ब्रेक ऑइल कमी दिसलं तर वरून भरतात. गाडी नवी असेल तर एक वेळ चालून जातं, पंधरा वर्षांच्या गाडीत चालत नाही. मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) झिजून ड्रमपासून लांब गेलेले असले की पॅडल खोल जातं. मग पुढे कितीही भारी पॅड टाका, ते खोलच जाणार. पुढची रबरी नळी आतून फुगलेली असेल तर त्या चाकाचे नवे पॅडही भराभर झिजणार. म्हणून माझं ठाम मत आहे की जुन्या गाडीच्या ब्रेकला हात घालायचा तर चारही चाकं, रबरं, नळ्या आणि ऑइल एकदमच करावं.

गाडी उचलण्यापासून सुरुवात करतो, कारण जिवाला खरा धोका तिथे आहे. डिकीतला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. दोन जॅक स्टँड विकत घ्याच. जमीन सपाट हवी. पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड फळी टाका. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. पुढचा भाग उचलला असेल तर मागची चाकं हँडब्रेकने धरलेली असतात. मागचा भाग उचलला की हँडब्रेक सोडावाच लागतो, नाहीतर ड्रम निघत नाही. तेव्हा गाडी फर्स्ट गिअरमध्ये टाका आणि पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी ठोकळे लावा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असल्यामुळे गिअर ती चाकं धरून ठेवतो.

पुढच्या कामात पॅड बदलणं हा सगळ्यात सोपा भाग. लक्ष द्यायचं ते कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिनांकडे. पिन बाहेर काढा, जुनं वाळलेलं ग्रीस पुसून काढा, रबरी बूट फाटला असेल तर बदला, आणि सिलिकॉन ग्रीस लावून पिन पुन्हा बसवा. बोटाने ढकलली तरी ती सहज सरकली पाहिजे. इथे साधं चाकाचं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन जाम होते. पिन जाम असेल तर आतला पॅड संपतो आणि बाहेरचा तसाच राहतो. तुमच्या जुन्या जोडीत असा फरक दिसला तर कारण तिथेच शोधा.

कॅलिपरचा पिस्टन आत दाबण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढून घ्या, नाहीतर ते वर येऊन सांडतं आणि रंग खातं. रंगावर पडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता. हे ऑइल पाण्यात विरघळतं, धुऊन निघतं. कॅलिपर पूर्ण सोडवलात तर तो तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा, नळीवर लोंबकळू देऊ नका.

मागचं काम चिकाटीचं आहे. अल्टोत बेअरिंग ड्रममध्येच बसवलेलं असतं, त्यामुळे मधली टोपी आणि नट काढावा लागतो. काही गाड्यांत ड्रम हबवर नुसता बसवलेला असतो आणि त्याच्या तोंडावर दोन आटेदार भोकं असतात. त्यात ८ एमएमचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. हातोडीने कडेवर ठोकू नका, कड उडते. आतली भुकटी फुंकायची नाही, त्यावर हवाही मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आधी पाण्याचा फवारा मारून ती ओली करा, मास्क लावा, मग फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंग कुठली कुठे, कुठलं टोक आतून आणि कुठलं बाहेरून, हे बघायला दुसरी बाजू शाबूत राहते. मोबाईलवर फोटोही काढून ठेवा. व्हील सिलिंडरचा (ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा भाग) रबरी बूट छोट्या स्क्रू ड्रायव्हरने कडेला उचलून बघा. आत नुसता ओलसरपणा असेल तर ठीक, पण थेंब गळला तर सिलिंडर गेला. मी दोन्ही नवेच टाकले. स्प्रिंगही नव्या घ्या. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन जुन्या ढिल्या पडलेल्या असतात. बॅक प्लेटवर लायनरची कड जिथे टेकते त्या ठिकाणी पत्रा चकचकीत झालेला दिसतो. तिथे उष्णता सोसणारं ग्रीस नखाएवढं लावायचं, जास्त अजिबात नको. लायनरच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीसचं बोटसुद्धा लागता कामा नये.

ड्रम बसवल्यावर आधी लायनर अ‍ॅडजस्ट करा. चाक हाताने फिरवताना अगदी हलकं घासल्याचं जाणवलं पाहिजे, अडकायला नको. त्यानंतरच हँडब्रेकची केबल. उलट केलं, म्हणजे केबल ओढून हँडब्रेक 'टाइट' करून घेतला, तर लायनरमधली फट तशीच राहते आणि पॅडल खोलच जातं. किती खटक्यांवर हँडब्रेक लागायला हवा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं.

शेवटी एअर काढणं, म्हणजे ब्रेकच्या लाइनमध्ये अडकलेली हवा बाहेर काढणं. त्याबद्दल खाली बोलूच. प्रश्न विचारा, मला जे माहीत आहे ते सांगतो.

देवळालीकर

पंचवटीकर, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो. मी बरीच वर्षं गॅरेज चालवलं आहे. ब्रेक हे घरी करायचं काम नाही. इंजिन बंद पडलं तर गाडी कडेला थांबते. ब्रेक गेला तर समोरचा माणूस जातो. धागा वाचून एखादा पोरगा डिकीतल्या जॅकवर गाडी चढवेल, त्याची जबाबदारी कोण घेणार?

पंचवटीकर

काका, तुमची काळजी रास्त आहे, आणि म्हणूनच जॅकचं सगळ्यात आधी लिहिलं. ज्याने आजवर चाकही काढलेलं नाही त्याने पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच करावं. लोखंडी पाइप गंजला असेल, मास्टर सिलिंडर (पॅडलचा जोर ऑइलवर देणारा भाग) उघडायचा असेल किंवा गाडीला एबीएस असेल, तर मीही गॅरेजलाच देईन. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर काही गाड्यांत ती स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ते नाही, हा धागा त्या गाड्यांसाठी.

पण आपल्या हाताने ड्रम उघडून बघितलेला माणूस पुढे गॅरेजलाही नेमकं काय करायचं ते सांगू शकतो, हेही तितकंच खरं.

देवळालीकर

हे मान्य. मग एक भर घालतो. ब्रेकच्या पाइपचा नट साध्या पान्ह्याने उघडू नका, त्याचे कोन झिजून तो गोल होतो. त्यासाठी नटाला पाच बाजूंनी पकडणारा वेगळा पान्हा मिळतो, तो घ्या. निपल (एअर काढायचा छोटा स्क्रू) सोडवतानाही सहाकोनी रिंगच वापरा. निपल जाम असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सकाळी आधी किंचित आवळून मगच सोडवा. जोर लावून निपल तुटला की अख्खा कॅलिपर किंवा सिलिंडर बदलायची वेळ येते.

इंदिरानगरची

छान धागा. माझी जुनी सँट्रो आहे. पुढचे पॅड बदलल्यापासून हलका ब्रेक दाबला की चूंऽऽ असा बारीक आवाज येतो. जोरात दाबला तर येत नाही. गॅरेजवाले म्हणतात, बसतील हळूहळू. पण आता बरेच दिवस झाले. काळजीचं आहे का?

पंचवटीकर

ताई, हलक्या ब्रेकला येणारा बारीक आवाज बहुधा पॅडच्या थरथरण्याचा असतो. पॅडच्या पाठीमागची पातळ पत्री, म्हणजे शिम, आणि कडेच्या क्लिपा जुन्याच ठेवल्या किंवा लावल्याच नाहीत तर असं होतं. चाक काढून बघायला सांगा: क्लिपा नव्या आहेत का, पॅड खोबणीत सैल सरकतो का, पिना मोकळ्या आहेत का. खोबणीतला गंज तारेच्या ब्रशने काढला नाही तर पॅड अडकतो आणि कुरकुरतो.

खरखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर मात्र गाडी लगेच थांबवा. आणि ब्रेक न दाबता येणारी सततची शिट्टी, जी दाबल्यावर बंद होते, ती पॅड संपल्याची खूण असू शकते. बऱ्याच पॅडला त्यासाठीच एक छोटी पट्टी लावलेली असते, पॅड झिजला की ती डिस्कला घासते.

सातपूरचा_लेथवाला

डिस्क आणि ड्रम दोन्ही आमच्याकडे टर्निंगला (लेथवर तासायला) येतात, म्हणून लिहितो. डिस्कवर किमान जाडी आणि ड्रमवर कमाल आतला व्यास बहुधा कोरलेला किंवा ओतलेला असतो. गंज घासून बघा, सापडेल. लेथवर फेस मारून डिस्क त्या जाडीच्या खाली जाणार असेल तर मी काम परत पाठवतो. पातळ डिस्क लवकर तापते आणि तडकते. छोट्या गाडीची नवी डिस्क इतकी महाग नसते की त्यासाठी हा धोका घ्यावा.

घरी मोजायचं असेल तर एक युक्ती. जुन्या डिस्कच्या काठावर न झिजलेली उंच कड राहिलेली असते. व्हर्नियर सरळ लावला की तो त्या कडेवर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. दोन सारखी नाणी घ्या, डिस्कच्या दोन्ही बाजूंना कडेच्या आत झिजलेल्या भागावर धरा, नाण्यांवरून माप घ्या आणि नाण्यांची जाडी वजा करा. चार-पाच ठिकाणी मोजा.

ड्रम टर्निंगला देताना दोन्ही एकदम द्या. एकच बाजू मारली तर दोन्हींचे व्यास वेगळे होतात आणि ब्रेक सारखा लागत नाही.

पंचवटीकर

नाण्यांची युक्ती फारच उपयोगी. माझ्या डिस्क मापात होत्या, म्हणून मी फक्त साफ केल्या.

गंगापूररोड_आठवडी

एअर काढायच्या क्रमाबद्दल विचारायचं होतं. सगळीकडे सांगतात की मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. हे बरोबर ना?

देवळालीकर

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, मास्टर सिलिंडरही उजवीकडे, म्हणून मागचं डावं सगळ्यात लांब. गॅरेजमध्ये हाच क्रम चालतो.

पंचवटीकर

काका, सुरुवात मागच्या डाव्यापासून हे बरोबर, पुढचं मात्र गाडीवर अवलंबून आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेकच्या दोन लाइनी कर्णाप्रमाणे असतात: मागचं डावं आणि पुढचं उजवं एका लाइनवर, मागचं उजवं आणि पुढचं डावं दुसऱ्या लाइनवर. एक लाइन फुटली तरी एक पुढचं आणि एक मागचं चाक थांबवायला उरतं, म्हणून ही रचना. सुझुकीच्या पद्धतीत लांबच्या मागच्या चाकाची हवा काढून त्याच लाइनवरच्या पुढच्या चाकाकडे जातात, मग दुसरी लाइन. ज्या गाडीचं काम करताय तिचं मॅन्युअल सांगेल तोच क्रम धरा.

क्रमापेक्षाही जास्त बिघडतं ते पॅडलवर बसलेल्या माणसाच्या हातून. आमच्या घरी हे काम मुलीने केलं. मी "दाब" म्हटलं की ती पॅडल सावकाश दाबायची आणि "दाबलं" म्हणायची. मग मी निपल पाव फेरा सोडायचो. पारदर्शक नळीतून आधी काळं ऑइल, मग बुडबुडे बाटलीत येताना दिसतात. निपल बंद करून मी "सोड" म्हणेपर्यंत तिने पाय उचलायचा नाही. आधी उचलला की हवा परत आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं हवं आणि टाकीतली पातळी सतत बघत राहायला हवी.

अजून एक. जुन्या गाडीत पॅडल एकदम तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरचा रोजच्या वापरात न येणारा आतला भाग गंजलेला असू शकतो. वायसर (आतलं रबरी सील) त्या भागावरून गेला की फाटतो, आणि मग ब्रेकचं काम झाल्यावर आठवड्याभरात पॅडल हळूहळू खाली बसायला लागतं. पॅडलच्या मागे लाकडाचा ठोकळा ठेवला की पाय तळापर्यंत जातच नाही.

गंगापूररोड_आठवडी

हे ठोकळ्याचं कोणीच सांगत नाही. धन्यवाद.

गडवारी

आम्ही दर वर्षी सप्तशृंग गडावर जातो. मागे नांदुरीकडे उतरताना अर्ध्या घाटात जळका वास आला आणि पॅडल एकदम मऊ झालं. सेकंड गिअरवर कसंबसं खाली आणलं. खाली थांबून थोड्या वेळाने बघितलं तर ब्रेक पुन्हा नीट. गॅरेजवाल्याला काहीच सापडलं नाही. हे कशामुळे?

पंचवटीकर

तुमचं ब्रेक ऑइल उकळलं असणार. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ या ग्रेडचा उकळबिंदू ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यावर किमान १४०. डॉट ४ चा किमान २३० आणि १५५. ऑइलमध्ये पाणी साडेतीन टक्क्यांच्या थोडं वर गेलं की ते 'ओलं' धरतात. उतारावर सतत पाय ठेवला की कॅलिपर तापतो, ऑइलची वाफ होते आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा ऑइल होतं, म्हणून गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात ते याचसाठी.

जळका वास पॅडचा. घाटात ज्या गिअरवर चढता साधारण त्याच गिअरवर उतरायचं. ब्रेक दाबून वेग उतरवायचा आणि पाय पूर्ण उचलायचा, हलका दाबून ठेवायचा नाही. कसारा घाटालाही हेच.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या, सीलबंद छोटा डबा. उघडून वर्षभर ठेवलेला डबा वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच ऑइल आहे, ते यात मिसळत नाही. डॉट ५.१ मात्र ३ आणि ४ च्याच घराण्यातलं.

देवळालीकर

याला माझं पूर्ण अनुमोदन. आणि टाकीत चुकूनही इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल किंवा डिझेल जाऊ देऊ नका. पार्ट पेट्रोलने धुऊ नका. ब्रेकचे वायसर ज्या रबराचे असतात ते खनिज तेलाने फुगतं. फुगलं की चारही चाकं जाम होतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून सगळी रबरं बदलण्याशिवाय इलाज राहत नाही. माझ्याकडे अशी गाडी टो करून आली होती. कोणीतरी इंजिन ऑइल 'टॉप-अप' केलं होतं. मालकाचा खर्च बघून वाईट वाटलं.

इंदिरानगरची

काढलेलं जुनं ऑइल कुठे टाकायचं?

पंचवटीकर

चेंबरमध्ये किंवा नाल्यात नाही, ताई. आपल्या भागातले (नाशिकचे) नाले नासर्डी नदीला मिळतात आणि नासर्डी गोदावरीला. झाकणाच्या डब्यात भरून त्यावर नाव लिहा आणि जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. इंजिन ऑइलमध्ये मिसळू नका, वेगळंच द्या.

जुनी_वॅगनआर

नमस्कार. माझी गाडी उजवीकडे ओढते. पॅड नवे, टायर ठीक, अलाइनमेंट करून झालं. ब्रेक न दाबताही ओढते आणि उजवं पुढचं चाक हात लावता येणार नाही इतकं तापतं.

पंचवटीकर

मग उजवा ब्रेक धरून राहतोय. उलट ब्रेक दाबल्यावरच ओढत असती, तर दुसऱ्या बाजूचा ब्रेक कमी लागतोय का तेही बघावं लागलं असतं. तुमच्याकडे तसं दिसत नाही.

असं करा. थोडं चालवून, चाक धरलेलं असतानाच पुढचा भाग उचलून स्टँडवर ठेवा. चाक हाताने फिरत नसेल तर त्या कॅलिपरचा निपल किंचित सोडा. ऑइलची पिचकारी येऊन चाक मोकळं झालं तर आत दाब अडकून राहतोय: एकतर रबरी नळी आतून फुगली आहे किंवा दोष वर मास्टर सिलिंडरकडे आहे. निपल सोडूनही चाक धरलेलंच असेल तर पिस्टन किंवा पिना जाम आहेत.

पहिला प्रकार निघाला तर निपल बंद करा, पुन्हा चालवून चाक धरू द्या आणि या वेळी नळीच्या वरच्या टोकाचा जोड किंचित सोडा. तेव्हाही चाक धरलेलंच राहिलं तर दोष नळीत. जोड सोडल्यावर एअर काढावीच लागेल, ते धरून चाला.

जुनी_वॅगनआर

केलं. निपल सोडल्यावर चाक मोकळं झालं, वरचा जोड सोडल्यावर नाही. म्हणजे नळीच. बाहेरून बघितली तर बारीक चिरांपलीकडे काही नव्हतं, पण काढल्यावर फुंकून बघितली, हवा जाईना. दोन्ही बाजूंच्या नळ्या बदलल्या, तांब्याचे वॉशर नवे टाकले, पूर्ण ऑइल बदललं. आता सरळ चालते आणि दोन्ही चाकं सारखीच गरम होतात.

पंचवटीकर

उत्तम. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पॅडल किंचित खाली गेलं तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) काम करतोय. मग इंजिन चालू असतानाच पॅडल थोडा वेळ दाबून ठेवा. ते हळूहळू खाली सरकत गेलं तर मास्टर सिलिंडर तपासून घ्या. सगळ्या जोडांखाली कोरडा कागद ठेवून सकाळी बघा, कुठे थेंब पडला असेल तर कळेल.

पॅडही नवे आहेत ना? मग ते बसवून घ्या. सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, साठच्या वेगावरून मध्यम दाबाने पंधरा-वीसवर आणायचं, पूर्ण थांबवायचं नाही, थोडं चालवून थंड होऊ द्यायचं, पुन्हा तेच. आठ-दहा वेळा केलं की पुरे. नंतर गाडी लगेच उभी करून ब्रेक दाबून ठेवू नका, तापलेल्या डिस्कवर पॅडचा डाग बसतो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा तपासा.

जुनी_वॅगनआर

रविवारी पहाटे त्र्यंबक रोडला करतो. जुने वॉशर फेकले, पण जुन्या नळ्या ठेवल्यात. कुणाला आतून कापून बघायची असेल तर सांगा, फोटो टाकतो.

सातपूरचा_लेथवाला

टाका भाऊ. उभी चिरून टाका, म्हणजे आतलं रबर नीट दिसेल.